नळ एक, हंडे तीन हजार

फोनवर वायफायचे सगळे बार भरलेले आणि पान मात्र उघडत नाही. मोठ्या टेक कॉन्फरन्सला गेलेल्या कोणालाही हे ओळखीचं आहे. मग चहाच्या टेबलाशी निदान होतं: ‘इंटरनेटची लाइन कमी घेतली असणार.’ आयोजकांनाही ते पटतं, पुढच्या वर्षी ते दुप्पट एमबीपीएस घेतात आणि पुढच्या वर्षीही साडेदहाला सगळं ठप्प. बहुतेक वेळा दुखणं लाइनचं नसतंच, हॉलमधल्या हवेचं असतं.

चाळीतला सामायिक नळ आठवा. मागची जलवाहिनी कितीही मोठी करा, नळ एक असेल तर एका वेळी एकच हंडा भरणार. वायफायचं चॅनल हा तसा नळ आहे. एका क्षणी एकच यंत्र बोलतं, बाकीची कान देऊन थांबतात, शांतता दिसली की थोडा अंदाजाने वेळ काढून पुढे होतात. दोन यंत्रं एकदम पुढे झाली की दोघांचंही पाणी सांडतं आणि दोघं पुन्हा रांगेत. त्यात भर अरुंद तोंडाच्या कळशीची, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या जुन्या फोनची. १५०० बाइटचं पॅकेट १५० एमबीपीएसने ०.०८ मिलिसेकंदात उरकतं, ६ एमबीपीएसने त्यालाच २ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ नळ अडलेला. मागचे नवेकोरे लॅपटॉपही त्याच्याच वेगाने पुढे सरकतात.

आता हिशेब मांडू. १५०० माणसं, प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप, म्हणजे ३००० यंत्रं. त्यातली निम्मी एका वेळी काही ना काही मागतात असं धरा. भारतात २०१८ साली ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवानामुक्त झाले, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झमध्ये २० मेगाहर्ट्झ रुंदीची पंचवीसएक चॅनल मिळतात. अडचणीची वगळून वीस धरू. गर्दीत अशा एका चॅनलमधून सगळ्यांचं मिळून ५० एमबीपीएस निघाले तर समाधान मानावं. म्हणजे अख्ख्या हॉलच्या हवेची ताकद १ जीबीपीएस. त्याच्यावर १० जीबीपीएसची लाइन आणून ठेवली तर ती फक्त बिलावर दिसेल.

या हिशेबाची पहिली वाट लागते ती चॅनलच्या रुंदीने. बरेच ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणाऱ्या पेट्या, थोडक्यात एपी) ‘ऑटो’वर सोडले की ८० मेगाहर्ट्झ धरतात. घरी ते छान, कारण एकाच यंत्राला वेग जास्त मिळतो. हॉलमध्ये मात्र तुम्ही चार नळ जोडून एक केलेला असतो, आणि वीसाचे पाच उरतात. म्हणून रुंदी २० वर बांधून टाका. कोणी स्पीड टेस्ट काढून ‘साठच आले’ म्हणेल, म्हणू द्या. स्पीड टेस्टवाले ही तशीही वेगळीच जमात आहे. वायफाय चालतंय की नाही हे बघायला ते दहा-पंधरा सेकंद अख्खा नळ उघडा सोडतात, आणि दोनशे जणांनी तेच केलं की उत्तर आपोआप ‘नाही’ येतं.

२.४ गिगाहर्ट्झवर फार जीव लावू नका. एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यातच ब्लूटूथ, स्टॉलवाल्यांचे राउटर, लोकांचे हॉटस्पॉट. तीस एपी लावले असतील तर त्यातल्या पाच-सहांचाच २.४ चालू ठेवा, बाकीच्यांचा बंद. चालू ठेवायचा तो जुन्या यंत्रांसाठी, आणि त्याचं नावही वेगळं द्या.

आता बीकनकडे या, कारण इथे फुकटात मोठी कमाई आहे. प्रत्येक एपी आपल्या प्रत्येक नेटवर्कच्या नावाची हाळी सेकंदाला साधारण दहा वेळा देतो, आणि देतो ती सगळ्यात हळू वेगाने, सगळ्यांना कळावी म्हणून. २.४ वर ३०० बाइटचं बीकन, म्हणजे ही हाळी, १ एमबीपीएसने म्हटलं की २.५ मिलिसेकंद गेले, सेकंदाला २५ मिलिसेकंद, म्हणजे अडीच टक्के. एका नावाचे. आता आयोजकांनी चार नावं ठेवली, एक डेलिगेटचं, एक स्पीकरचं, एक प्रायोजकाचं आणि एक स्टाफचं, आणि एकाच चॅनलवर दहा एपी एकमेकांना ऐकू येताहेत. चार गुणिले दहा गुणिले अडीच, झाले शंभर टक्के. एकही माणूस आत आलेला नाही आणि हवा नुसत्या हाळ्यांनी भरली. उपाय दोन. नावं दोनावर आणा. आणि १, २, ५.५, ११ हे जुने वेग बंद करून किमान वेग १२ किंवा २४ एमबीपीएस ठेवा. १२ वर तेच बीकन पाव मिलिसेकंदाच्या आत संपतं. शिवाय दूरचा फोन मग दूरच्या एपीला लोंबकळत राहत नाही, मुकाट्याने जवळचा धरतो.

एपी किती? डेटाशीटवर ‘५१२ क्लायंट’ लिहिलेलं असतं. ते टेबलात किती नोंदी मावतात त्याचं माप, सेवा किती जणांना मिळते त्याचं नव्हे. एका रेडिओवर (एपीतला एका चॅनलवर बोलणारा भाग) पन्नासेक जागी, म्हणजे त्या वेळी काही मागणारी, यंत्रं असा अंदाज धरून चला. १५०० जाग्या यंत्रांना तीस रेडिओ. चॅनल वीस असल्याने दहा ठिकाणी तेच चॅनल पुन्हा वापरावं लागेल, आणि तिथे दोन एपींनी एकमेकांना ऐकायला नको. सगळी कारागिरी इथे आहे.

गोरेगावच्या प्रदर्शन हॉलसारखं उंच छप्पर असेल तर एपी वर टांगण्याचा मोह आवरा. दहा मीटर उंचीवरून, चहूकडे पसरणाऱ्या अँटेनाने, प्रत्येक एपीला अख्खा हॉल दिसतो, म्हणजे वीस नळांचा पुन्हा एकच नळ. वर टांगायचंच तर दिशादर्शक अँटेना घ्या, थेट खाली तोंड करून. नाहीतर खांबाला, स्टँडला, अडीच-तीन मीटरवर. बसून ऐकण्याच्या हॉलमध्ये खुर्चीखाली किंवा प्लॅटफॉर्मच्या कडेला एपी ठेवण्याची युक्ती उत्तम चालते. माणसाचं शरीर म्हणजे पाण्याची पिशवी, ते सिग्नल शोषतं, आणि इथे आपल्याला नेमकं तेच हवंय: दहा रांगा पलीकडचा त्याच चॅनलवरचा एपी ऐकू येऊ नये. एपीची पॉवर ११ ते १४ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास ठेवा. २३ वर ठेवलात तर एपीचा आवाज फोनला लांबून ऐकू जातो, बार भरलेले दिसतात, पण फोनचं उत्तर एपीपर्यंत पोचत नाही. भरलेले बार आणि न उघडणारं पान, त्याचं एक कारण हे.

आणि याच शोषणामुळे आदल्या रात्री रिकाम्या हॉलमध्ये केलेली चाचणी खोटी पडते. रात्री दोनला जे एपी एकमेकांना ढणढणीत ऐकू येतात ते सकाळी माणसांनी झाकले जातात, आणि जो कोपरा रात्री उत्तम होता तो सकाळी अंधारात. रात्रीची चाचणी केबल आणि सेटिंगची. हवेची चाचणी उद्घाटनाच्या भाषणाच्या वेळी, हातात लॅपटॉप घेऊन रांगांमधून फिरतच होते.

मुंबईत एक जादा भानगड म्हणजे रडार. ५ गिगाहर्ट्झमधली ५२ ते १४४ ही चॅनल रडारबरोबर वाटून घ्यायची असतात. एपीला रडारचा ठोका ऐकू आला, किंवा तसा भास झाला तरी, ते चॅनल दहा सेकंदांत सोडायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. त्या एपीवरचे पन्नास जण त्याच क्षणी शेजारच्या एपीवर जाऊन आदळतात. हवामान खात्याचा कुलाब्याचा रडार एस-बँडचा, म्हणजे वेगळ्याच पट्ट्यातला आहे, त्याचा इथे त्रास नाही. वेरावलीचा २०२२ साली सुरू झालेला मात्र सी-बँडचा, आणि सी-बँडचे हवामान रडार बहुधा ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या आसपास बसतात. तेव्हा अंधेरी, गोरेगाव, पवई या पट्ट्यात कार्यक्रम असेल तर १२०, १२४ आणि १२८ ही चॅनल आधीच यादीतून काढा. उरलेल्यांपैकी कोणती त्रास देतात हे बघायला दोन दिवस आधी एक एपी हॉलमध्ये चालू ठेवून त्याच्या लॉगमध्ये रडारच्या नोंदी शोधा. स्टेजजवळच्या एपींना ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६५ द्या, तिथे ही कटकट नाही.

हवा सांभाळली की पत्त्यांचा घोळ. फोन ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ वर अडकला किंवा त्याने स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिला, तर डीएचसीपीची, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेची, पेटी रिकामी झाली समजा. नेहमीच्या घरगुती मांडणीत २५४ पत्ते आणि २४ तासांची मुदत. सकाळी नोंदणीच्या रांगेत एकदा जोडून गेलेला माणूसही दिवसभर पत्ता अडवतो. त्यात अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक पत्ता (यंत्राची नेटवर्कवरची ओळख) दाखवतात. म्हणजे एकच फोन दोन नावांवर गेला की तुमच्या लेखी दोन माणसं. १५०० माणसांसाठी /२० आकाराचा पत्त्यांचा पट्टा घ्या, ४०९४ पत्ते मिळतात, आणि मुदत एक तास. १९२.१६८.१ ची मालिका टाळा. निम्म्या जणांच्या घरचं आणि बऱ्याच कंपन्यांच्या व्हीपीएनचं तेच असतं, आणि मग व्हीपीएन लागलं तरी पलीकडचं काही दिसत नाही. एवढ्या मोठ्या पट्ट्यात एकमेकांना हाका मारणारे ब्रॉडकास्टही वाढतात, तेव्हा क्लायंट आयसोलेशन, म्हणजे यंत्रांना एकमेकांशी बोलू न देणारी सेटिंग, चालू करायला विसरू नका. नाहीतर प्रत्येक लॅपटॉप तीन हजार शेजाऱ्यांत प्रिंटर शोधत बसतो.

ओटीपी हे आपल्याकडचं खास दुखणं. सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवावी अशा दूरसंचार विभागाच्या २००९ पासूनच्या सूचना आहेत, म्हणून सगळीकडे मोबाइल नंबर आणि ओटीपीचं पान येतं. पत्र्याच्या छपराखाली, दीड हजार फोनच्या गर्दीत मोबाइल नेटवर्कही गुदमरलेलं असतं. एसएमएस येतो तो सात मिनिटांनी, तोवर ओटीपीची मुदत संपलेली. परदेशी वक्त्याच्या नंबरावर तर बऱ्याचदा येतच नाही. एसएमएसचा मजकूर आणि हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत, आधी नोंदवलेलं नसेल तर कोणालाच येत नाही, आणि हे सकाळी नऊला कळून उपयोग नसतो. यापेक्षा सरळ मार्ग असा: नोंदणी करताना नाव आणि नंबर घेतलेलाच असतो, तेव्हा प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड बनवून बिल्ल्याच्या मागे छापा आणि वायफाय त्याच्याशी जोडा. ओळखही नोंदली गेली आणि एसएमएसही वाचला. सेवा देणाऱ्याची संमती आधी लेखी घ्या. ओटीपीच ठेवायचा हट्ट असेल तर निदान आयडल टाइमआउट, म्हणजे न वापरता किती वेळाने लॉगआउट होतं ती मुदत, दहा मिनिटांवरून आठ तासांवर न्या. फोन खिशात झोपला की लॉगआउट, काढला की पुन्हा ओटीपी, हे दिवसातून वीस वेळा कोण करणार!

केबलबद्दल थोडं सविस्तर, कारण इथला दोष फार बेमालूम असतो. एपींना वीज केबलमधूनच जाते. स्विचच्या टोकाला किमान ५० व्होल्ट निघतात आणि १०० मीटरवर एपीला ४२.५ तरी मिळायला हवेत. लॅमिंग्टन रोडला कॅट-६ ची ३०५ मीटरची पेटी मागितली की दोन प्रकारच्या मिळतात. एक शुद्ध तांब्याची, दुसरी सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. दुसरी स्वस्त, आणि रोध साधारण दीडपट. वीस मीटरला चालून जाते. नव्वद मीटरला काय होतं ते बघा. रात्री एपी चालू, हिरवा दिवा, सगळे खूश. सकाळी साडेदहाला त्याच्यावर पन्नास जण चढले, रेडिओने पूर्ण वीज ओढली, प्रवाह वाढला तसा तारेत व्होल्टेज पडलं, एपी रीस्टार्ट. चार मिनिटांनी वर आला, माणसं चढली, पुन्हा खाली. लोक म्हणतात ‘वायफाय येतं-जातं’, आणि सगळे मिळून सॉफ्टवेअर शोधतात. दुकानातच टोक सोलून तार ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत ठेवा. पेटी उचलूनही कळतं, सीसीएची हलकी लागते.

स्विचचं वीजबजेटही बघा. २४ पोर्टच्या स्विचवर ३७० वॉट लिहिलेलं असेल आणि एपी प्रत्येकी २५ वॉट खात असतील तर चौदा एपीच चालतील, चोवीस नाही. काही एपी १५.४ वॉटवरही उठतात, पण अर्धे अँटेना झोपवून. वीज जाऊन जनरेटर यायला वीस सेकंद लागतात, पण एपींना उठायला चार-पाच मिनिटं, म्हणून कोअर राउटरबरोबर प्रत्येक पीओई (केबलमधून वीज देणाऱ्या) स्विचलाही यूपीएस द्या. आणि केबल टाकायचं काम मंडप आणि कार्पेटवाल्यांच्या नंतर घ्या. आधी टाकलेली केबल त्यांच्या खिळ्याखाली नक्की सापडते.

लाइनचं थोडक्यात. ब्रॉडबँड नको, लीज्ड लाइन (फक्त तुमच्यासाठी राखलेली) घ्या, दोन्ही दिशांना सारखा वेग असणारी, आणि निदान तीन-चार आठवडे आधी मागा. दुसरी लाइन दुसऱ्या कंपनीची घेतली म्हणून निश्चिंत होऊ नका. दोघांची फायबर इमारतीत एकाच चेंबरमधून शिरत असेल तर रस्ता खोदणारा एकच घाव दोघांवर घालतो. दोघांना वेगवेगळा मार्ग नकाशावर दाखवायला लावा. एक सार्वजनिक आयपी दीड हजार जणांना पुरत नाही, आठ तरी मागा, आणि आयपीव्ही६ मिळत असेल तर चालू कराच, तेवढा नॅटवरचा (अनेक यंत्रांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणारी व्यवस्था) भार हलका होतो. राउटर लिनक्सचा असेल तर कनेक्शन टेबलची (चालू जोडण्यांच्या नोंदींची) मर्यादा बघून वाढवा. ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ ही ओळ लॉगमध्ये दिसली की जुने टॅब चालू राहतात, नवं काहीच उघडत नाही.

डेव्हलपर लोकांची कॉन्फरन्स असेल तर वर्कशॉपचा तास वेगळा धरा. सव्वादोनला वक्ता म्हणतो, ‘सगळ्यांनी ही इमेज पुल करा’ (म्हणजे डॉकर या साधनासाठी तयार सॉफ्टवेअरचा गठ्ठा उतरवून घ्या), आणि ऐंशी लॅपटॉप प्रत्येकी दीड जीबी मागतात. म्हणजे १२० जीबी, एका खोलीतून, तीन एपींवरून. ५० एमबीपीएसच्या तीन नळांनी याला पावणेदोन तास लागतील, आणि वर्कशॉप दीड तासाचं. वर डॉकर हबची (या इमेज जिथून उतरतात ते ठिकाण) नोव्हेंबर २०२० पासूनची मर्यादा लॉग-इन नसलेल्यांना आयपीनुसार मोजते. अख्खा हॉल नॅटमागे एकाच आयपीवर असेल तर मर्यादा भरली की बाकीच्यांना नकार. खोलीत एक छोटा सर्व्हर ठेवून त्यावर डॉकरचा मिरर (जवळची प्रत), जावास्क्रिप्टच्या एनपीएम पॅकेजांसाठी व्हर्डाचो, पायथनसाठी डेव्हपीआय लावा. त्याने लाइन आणि मर्यादा वाचते. हवा वाचवायला मात्र टेबलांवर आठ पोर्टचे स्विच आणि तारा, किंवा फिरवायला दहा पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हला हसू नका.

स्टेजवरचा लॅपटॉप तारेवरच हवा, वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरचं स्वतंत्र नेटवर्क), आणि पोडियमवर यूएसबी-सीचे दोन ईथरनेट अडॅप्टर ठेवलेले. ७ जून २०१० ला आयफोन ४ च्या सादरीकरणात स्टीव्ह जॉब्सचा डेमो अडला. खोलीत ५७० वायफाय बेस स्टेशन चालू आहेत असं त्याने स्टेजवरूनच सांगितलं आणि लोकांना ती बंद करायची विनंती केली. तो आकडा मुख्यतः प्रेक्षकांनी आणलेल्या हॉटस्पॉटचा होता. आजही तेच होतं: वायफाय रडतंय असं दिसलं की प्रत्येक जण हॉटस्पॉट चालू करतो, आणि त्याच नळाशी आणखी एक दांडगा येऊन उभा राहतो. स्टॉलवाल्यांना भाड्यातच एक तारेचं पोर्ट द्या, म्हणजे ते स्वतःचा राउटर लावायला कमी प्रवृत्त होतात.

तक्रार आली की अंदाज नको, तीन पायऱ्या. तक्रारदाराच्या खुर्चीशी जाऊन आधी गेटवेला (हॉलमधल्या आपल्या राउटरला) पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तराला लागणारा वेळ मोजा. दहा मिलिसेकंदांच्या आत स्थिर असेल तर हवा ठीक. ५, ३००, ४०, ८०० असं उड्या मारत असेल तर हवा भरली आहे. त्या एपीचा चॅनल वापर बघा, सत्तर टक्क्यांपुढे असेल तर दुखणं सापडलं. गेटवे ठीक आणि ८.८.८.८ (बाहेरचा गूगलचा सर्व्हर) मंद, तर लाइन किंवा राउटर. दोन्ही ठीक आणि तरी पान उघडत नाही, तर डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा). तो हॉलमध्येच, कॅशसकट, आपल्या मशीनवर चालवा, राउटरच्या भरवशावर नको. मदतकक्षातल्या मुलांना एक वही द्या: वेळ, रांग, यंत्र, कोणतं नाव. ‘चालत नाही’ एवढ्याच नोंदीवरून कोणता एपी बघायचा ते कळत नाही. ‘११.२०, डावीकडची पाचवी रांग, आयफोन’ यावरून कळतं.

शेवटचं सत्र संपलं की हॉलवाले वीज खाली करायची घाई करतात. त्याआधी कंट्रोलर (सगळे एपी सांभाळणारी यंत्रणा) आणि राउटरचे लॉग उतरवून घ्या. बऱ्याच एपींचे लॉग मेमरीतच असतात, वीज गेली की तेही जातात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे ते आहेच. पण चॅनलचा ताण कोणत्या वेळी कुठे वाढला, कोणत्या एपीने कितीदा रीस्टार्ट घेतला, रडारने कोणाला हाकललं, हे त्या एका फाइलमध्ये असतं, आणि मंडपवाला तोवर स्विचची तार गुंडाळायला लागलेला असतो.